पाहुणे आणि यजमान : अंजनगाव सुर्जीच्या वाटेवरचा इतिहास

शाळांच्या परीक्षा संपत आल्या, की आपल्या घराघरांतून सुट्टीच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणी वेलंकणीला आरोग्यमातेच्या दर्शनाला निघतात, कुणी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे गुडघे टेकून येतात, तर ज्यांना थोडीफार ऐपत आहे अशी कुटुंबे केरळ, राजस्थान किंवा काश्मीर गाठतात. आपला देश विविधतेने नटलेला आहे, म्हणून तो डोळे भरून पाहावा, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. २००२ साली केंद्र सरकारने ‘अतुल्य भारत’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा जगातील प्रवाशांपुढे तिने हीच विविधता मांडली. हिमशिखरे आणि वाळवंट, मंदिरे आणि मशिदी, शंभर तऱ्हेचे पोशाख आणि तितक्याच तऱ्हेचे पदार्थ.

हे आकर्षण खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ही विविधता आली कुठून, ती कुणी आणली, कुणी जपली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे प्रश्न जाहिरातीच्या चित्रात मावत नाहीत. ते इतिहासाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी फार लांबचे तिकीट काढण्याचीही गरज नाही. अमरावती जिल्ह्याच्या पश्चिमेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अंजनगाव सुर्जी हे तालुक्याचे गाव घ्यावे आणि त्याच्या सभोवती एक-दोन दिवसांच्या प्रवासात काय काय पाहता येते याचा विचार करावा. एका लहानशा मुलखात अनेक देश सामावले आहेत, असेच वाटू लागते.

शहानूरच्या दोन तीरांवर

अंजनगाव आणि सुर्जी ही मुळात दोन गावे. मधून शहानूर नदी वाहते. दोन्ही गावे वाढत वाढत एक झाली, तरी नावात दोघांचेही अस्तित्व राहिले. उत्तरेकडे मान वळवली की गाविलगडच्या डोंगरांची निळी रांग दिसते. दक्षिणेकडे पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे पसरले आहे. या खोऱ्यातील मोठ्या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे लागते, म्हणून वऱ्हाडात त्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. एके काळी तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढीत असत. डोंगराच्या बाजूला मात्र गोडे पाणी आहे. म्हणूनच थोड्याशा अंतरात शेतीचा सगळा थाट बदलतो. खाली पावसावरचा कापूस, तूर आणि ज्वारी, तर वर केळी, संत्री आणि पानमळे.

अंजनगावचे पानमळे जुन्या काळापासून नावाजलेले आहेत. बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ही कष्टाची शेती सांभाळली. आधाराच्या झाडांवर चढवलेली नागवेल, उन्हापासून आणि वाऱ्यापासून तिचे करावे लागणारे रक्षण, आणि त्याच सावलीत वाढणारी पानपिंपळी. ही पिंपळी आयुर्वेदाच्या औषधांत लागते, आणि तिच्या लागवडीसाठी हा तालुका ओळखला जातो. प्रवासाला निघालेला माणूस बहुधा किल्ला आणि धबधबा विचारतो, मळा विचारीत नाही. आमच्या मते अंजनगावचा इतिहास वाचायला मळ्यापासूनच सुरुवात करावी, कारण लढाया आल्या आणि गेल्या, पण वेलीला पाणी घालण्याचे काम कुणी थांबवले नाही.

सुर्जीत देवनाथ महाराजांचा मठ आहे. एकनाथ महाराजांच्या परंपरेतले हे सत्पुरुष अठराव्या शतकात होऊन गेले. त्यांचे शिष्य दयाळनाथ हेही कवी होते. गोदावरीकाठच्या पैठणची परंपरा सातपुड्याच्या पायथ्याशी कशी येऊन रुजली, हे पाहिले म्हणजे रेल्वे आणि मोटारी यांच्या कितीतरी आधी माणसे आणि विचार किती दूर चालत जात होते, याची कल्पना येते.

मराठीतली जुनी वाटाडी पोथी

चालण्याचाच विषय निघाला आहे, तर अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेकडील रिद्धपूरचे नाव घेतलेच पाहिजे. महानुभाव पंथाचे हे महास्थान. श्रीगोविंदप्रभूंची ही भूमी. चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तो मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. त्याचा रिद्धपूरशी असलेला संबंध ध्यानात घेऊनच मराठी भाषेचे विद्यापीठ तेथे स्थापन झाले आहे.

याच पंथाने मराठीला आणखी एक अनोखा ग्रंथ दिला. त्याचे नाव ‘स्थानपोथी’. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, राहिले, बसले, त्या स्थानांची नोंद मुनिव्यासांनी चौदाव्या शतकात त्यात केली. अमुक गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या बाजूला, स्थान नेमके कुठे, असा तपशील त्यात येतो. आजच्या भाषेत बोलायचे तर ती मराठीतली एक प्राचीन प्रवास-मार्गदर्शिका आहे. परंतु तिच्या मागची भावना निराळी होती. महानुभावांच्या आचारात ‘अटन’, म्हणजे फिरत राहणे, हे साधनेचे अंग होते. स्थान पाहायचे ते तिथे घडलेल्या गोष्टीचे स्मरण करण्यासाठी, आणि भिक्षेचा घास घ्यायचा तो दात्याच्या दारात नम्र होऊन. आपल्या पवित्र यात्रांची कल्पना याहून फार वेगळी नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

याच मुलखात परतवाड्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या हद्दीत मुक्तागिरी आहे. डोंगराच्या कुशीत, धबधब्याच्या अवतीभवती जैनांची बावन्न मंदिरे. अचलपुरात, म्हणजे जुन्या एलिचपुरात, दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा आहे. चांदूरबाजार तालुक्यातील बहिरमला डिसेंबरच्या अखेरीपासून महिनाभराहून अधिक चालणारी जत्रा भरते, आणि तिथल्या हंडीच्या व रोडग्यांच्या वासाने वऱ्हाडातला माणूस कुठेही असला तरी घराकडे ओढला जातो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, असे जगाला सांगितले. ते घोषणापत्र आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले नसेल. पण अंजनगावहून निघून ही ठिकाणे आदराने पाहणाऱ्या कुटुंबाला त्याचा आशय पायांनी कळेल.

गाविलगडाचा दरवाजा

आता डोंगर चढू या. गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे मानतात. त्यांच्या गढीच्या जागी १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाह वली याने बळकट किल्ला उभारला. पुढे बहमनी राज्य मोडकळीस आले, तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क १४९० साली स्वतंत्र झाला आणि एलिचपूरची इमादशाही सुरू झाली. या फतहुल्लाची कथा मोठी विलक्षण आहे. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की तो मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी ब्राह्मण घराण्यातला. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि अखेर वऱ्हाडचा राजा झाला.

गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर एक शिल्प आहे. दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, आणि त्याच्या पकडीत हत्ती. हे चिन्ह विजयनगरच्या परंपरेत परिचित आहे. वऱ्हाडच्या सुलतानाच्या किल्ल्यावर ते कसे आले, याचा संबंध अभ्यासक फतहुल्लाच्या जन्मभूमीशी लावतात. मुलगा घर विसरला नव्हता असे त्यावरून म्हणावेसे वाटते. तुंगभद्रेकाठचे चिन्ह, बहमनींची तटबंदी, गवळ्यांचे नाव आणि दिल्लीच्या दिशेचे दार, हे सारे एकाच जागी आहे. देशाची विविधता म्हणतात ती अशी दगडात मिसळलेली असते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या गडाची बळकट म्हणून वाखाणणी केली आहे, आणि त्यावरील झऱ्याच्या पाण्यात शस्त्रांना पाणी देत असत असेही लिहून ठेवले आहे.

आगमनकाळातील युद्ध

अंजनगावचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात कोरले गेले ते १८०३ साली. इंग्रज आणि मराठे यांच्यातले दुसरे युद्ध तेव्हा ऐन भरात होते. असईची लढाई सप्टेंबरात झालीच होती. जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूचा विजेता झाला, तो वऱ्हाडात उतरला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव झाला. पराभूत सैन्यातील काही जण गाविलगडावर गेले. इंग्रजांनी तोफा ओढीत डोंगर गाठला. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढता लढता कामी आला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला, आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावी दौलतराव शिंद्यांच्या वतीने तहावर सह्या झाल्या.

या तहाने शिंद्यांच्या हातून गंगा-यमुनेच्या दुआबातील प्रदेश गेला, दिल्ली आणि आग्ऱ्यावरचा ताबा गेला, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला गेला. देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. पानमळ्यांच्या या गावाच्या शिवारात उत्तर हिंदुस्थानचे भवितव्य ठरले.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. त्या वर्षी नाताळ रविवारी आला होता. त्या हिशेबाने आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबरला पडतो. म्हणजे अडगावची लढाई आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात झाली, गाविलगडचा संहार नाताळच्या दहा दिवस आधी झाला आणि सुर्जी अंजनगावचा तह नाताळच्या अष्टकात झाला. शांतीच्या राजाची वाट पाहण्याचे ते चार आठवडे वऱ्हाडाने तोफांच्या आवाजात काढले. जिंकणाऱ्या फौजेत ख्रिस्ताचे नाव घेणारे होते, याचाही आपल्याला विसर पडू नये. गाविलगडाच्या तटावर उभे राहून छायाचित्र काढताना इतके जरी मनात आले, तरी त्या जागेशी आपले नाते बदलते.

‘शोध’ कुणी लावला?

१८२२ साली गाविलगडचा मुलूख निजामाकडे आला. त्यानंतर वर्षभरात, म्हणजे १८२३ साली, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचा ‘शोध’ लावला असे प्रवासी पुस्तकांत लिहिलेले असते. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच असलेले हे पठार, खाली एलिचपूरच्या छावणीत उन्हाने होरपळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना स्वर्गासारखे वाटले असल्यास नवल नाही. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि चिखलदरा साहेबांचे उन्हाळी ठिकाण झाले. बंगले उभे राहिले, कॉफीच्या बागा लागल्या. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारा डोंगर म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते.

पण शोध म्हणायचे कशाला? त्या पठारावर गवळी आपल्या म्हशी चारीत होते. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले ती ही कीचकदरा, आणि त्याने हात धुतले ते भीमकुंड, ही कथा लोकांच्या तोंडी होती. आणि सभोवतालच्या मेळघाटच्या रानात कोरकू राहत होते. कॅप्टनच्या घोड्याला वाट दाखवणारा कुणी तरी असणारच. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

सुट्टीच्या ठिकाणांचा इतिहास बहुधा असाच लिहिला जातो. पाहुण्याचे नाव राहते आणि यजमानाचे पुसले जाते. म्हणून मेळघाटच्या यजमानांविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

कोरकूंची भाषा मराठीच्या कुळातली नाही, आणि गोंडीप्रमाणे द्रविड कुळातलीही नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी आहेत शेकडो मैल पूर्वेला, झारखंड-ओरिसाच्या बाजूला : संथाळी, मुंडारी. मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा ही कोरकू. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे सव्वासात लाख लोक नोंदले गेले. त्यांतील बहुसंख्य मध्य प्रदेशात आणि आपल्या मेळघाटात आहेत. तिथून पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक राहतात. त्यांच्या भाषेने कोरकूपासून पुष्कळ शब्द घेतले आहेत, पण तिचा गाभा जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही. म्हणजे सातपुड्याच्या या पट्ट्यात वऱ्हाडी मराठी, द्रविड गोंडी, मुंडा कोरकू आणि कुठेच न बसणारी निहाली अशी चार निरनिराळ्या उगमांची बोलणी शेजारी शेजारी नांदतात. युरोपभर फिरूनही भाषांची इतकी तफावत एवढ्या थोड्या जागेत क्वचितच आढळेल.

होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मृतांच्या स्मरणार्थ ते सागाच्या लाकडावर चित्रे कोरून स्मृतिस्तंभ उभारतात. आणि ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थ काय? ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. एवढेच.

मरियमपूर

या माणसांकडे ख्रिस्तसभाही आली. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशनरी १८४५ साली भारतात उतरले आणि मध्य भारताचा मोठा मुलूख त्यांच्याकडे सोपवण्यात आला. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९५५ साली त्यापासून अमरावती धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. चिखलदऱ्याला लागून मरियमपूर आहे. ही वस्ती मिशनमधून वाढली हे तिचे नावच सांगते.

पवित्र मातेचे नाव घेऊन आलेले हे लोकही परदेशी पाहुणेच होते. साहेब उन्हाळ्यापुरता येई आणि पावसाळ्याआधी उतरून जाई. मिशनरी मात्र पावसाळ्यातही राहिले. हा फरक लहान नव्हे. जो मुक्काम करतो त्याला यजमानाची भाषा शिकावी लागते, त्याच्या आजारात उठून जावे लागते, त्याच्या माणसांना मातीत ठेवावे लागते.

या परंपरेतले एक नाव आमच्या वाचकांना ठाऊक असावे. दैवी शब्द संघाचे ऑस्ट्रियन धर्मगुरू फादर स्टीफन फुक्स. मुंबईत अंधेरी येथे त्यांनी मानवशास्त्राची संस्था उभारली आणि मध्य भारतातील उपेक्षित जमातींमध्ये वर्षानुवर्षे राहून अभ्यास केला. १९८८ साली त्यांचा ‘द कोर्कूज ऑफ द विंध्य हिल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोरकूंची घरे, लग्ने, देवदेवता, मरणविधी, हे सारे त्यांनी विद्यार्थ्याच्या आस्थेने नोंदवले. एका कॅथोलिक धर्मगुरूने आदिवासींचा धर्म इतक्या आदराने लिहून काढावा, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. मराठी साहित्यात मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात मेळघाटचे रान जवळून पाहिले, आणि रानाचे शब्द रानातल्या माणसांकडून शिकून मराठीत आणले. २०२५ साली ते गेले, पण त्यांच्या पुस्तकांनी अनेक कुटुंबांना जंगलात पाऊल कसे टाकावे हे शिकवले.

यजमानाच्या घरातले दुःख

मेळघाट १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याची गणना होते. वाघ वाचला, अस्वले, गवे आणि सांबरे वाचली. शंभराहून अधिक वर्षे नष्ट झाला असे समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली नंदुरबारकडील रानात पुन्हा दिसला, आणि पुढे मेळघाटातही सापडला. हा सारा आनंदाचा भाग.

दुसरा भाग असा की १९९३ साली याच मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाने झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सुधारणा झाल्या, पण प्रश्न मिटला असे कुणी म्हणू शकत नाही. बैरागडला राहून आयुष्यभर वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याला २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्या गौरवातूनही तिथे डॉक्टरची किती गरज होती हेच दिसते. २००० नंतरच्या काळात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील बोरी, कोहा, कुंड अशी गावे उठवून अकोट तालुक्यात वसवण्यात आली. आपण ज्या रानात वाघ पाहण्यासाठी जीपचे पैसे भरतो, त्या रानातून यजमानाला आपले घर हलवावे लागले आहे. वाघ राहू नये असे आम्ही सुचवीत नाही. परंतु पाहुण्याला या गोष्टीची जाण असावी, एवढे म्हणण्याचा अधिकार इतिहास आपल्याला देतो.

अंजनगावनेही असाच एक पाहुणा येताना आणि जाताना पाहिला. इंग्लंडच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कापूस नेता यावा म्हणून मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद मापाची रेल्वे टाकण्यात आली. ती दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करीत जाई. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबत होते. त्यानंतर डिझेल आले आणि अखेर गाडी थांबली. कापूस नेण्यासाठी आलेल्या या गाडीला गरिबांनी आपली करून घेतले. कमी पैशांत बाजाराला आणि सासर-माहेराला नेणारी ती होती. ती पुन्हा सुरू व्हावी ही वऱ्हाडची मागणी आहे.

धर्मशाळा बांधणारा माणूस

प्रवासाच्या इतिहासात अंजनगाव तालुक्याने दिलेली सर्वांत मोठी देणगी मात्र वेगळीच आहे. याच तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. जग त्यांना संत गाडगेबाबा म्हणून ओळखते. १९०५ साली त्यांनी घर सोडले. डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा, अंगावर चिंध्या. पुढील पन्नास वर्षे हा माणूस चालतच राहिला.

गाडगेबाबांनी तीर्थक्षेत्रे पाहिली, आणि त्यांच्या नजरेला दिसले ते निराळेच. गरीब यात्रेकरू उघड्यावर झोपतो आहे, अस्पृश्य म्हणून हिणवला गेलेला वारकरी कुठेच आसरा मिळवू शकत नाही, काठावर घाण साचली आहे. त्यांनी लोकांकडून पैसा जमवला आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला संत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. नाशिक, देहू, आळंदी येथे झाल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आसरा झाला. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला. स्वतः मात्र ते त्या धर्मशाळांत कधी मालकासारखे राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावनजीक प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

प्रभू येशूच्या दाखल्यातला भला शोमरोनी जखमी वाटसरूला धर्मशाळेत नेतो आणि आपल्या पदरचे पैसे धर्मशाळेच्या चालकाला देतो. बेथलेहेमात मात्र पवित्र मरियेला आणि संत योसेफाला उतारशाळेत जागा मिळत नाही. हे दोन्ही प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. संत बेनेदिक्तांनी आपल्या मठवासीयांना सांगितले होते, की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्तासारखे स्वागत करावे. निरक्षर गाडगेबाबांनी हे नियम वाचले नव्हते, पण वऱ्हाडच्या या लेकराने ते महाराष्ट्राच्या तीर्थांवर विटांनी बांधून दाखवले. धर्मशाळा बांधणारा जन्मला त्या तालुक्यातून जाताना शेंडगावला क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

सुट्टीला निघणाऱ्यांसाठी

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. वऱ्हाडच्या या मुलखात जे जे आले ते पाहुणे म्हणूनच आले. कुणी भिक्षापात्र घेऊन, कुणी तोफा घेऊन, कुणी कापसाचे गाठोडे नेण्यासाठी, कुणी शुभवर्तमान सांगण्यासाठी. ज्यांनी यजमानाची ओळख करून घेतली त्यांची आठवण प्रेमाने निघते. ज्यांनी फक्त घेतले, त्यांची नावे पाट्यांवर आहेत, पण मनात नाहीत. आपल्या देशाची विविधता म्हणजे असंख्य यजमानांची घरे आहेत. त्या घरांत कसे शिरावे, हा प्रत्येक प्रवाशापुढचा प्रश्न आहे.

म्हणून पुढच्या सुट्टीत एखाद्या धर्मग्रामाची सहल वऱ्हाडकडे निघाली, तर तिने काही साध्या गोष्टी कराव्यात. निघण्यापूर्वी मुलांना १८०३ ची कथा सांगावी. अंजनगावात पानमळा पाहावा आणि मळेवाल्याशी चार शब्द बोलावे. गाविलगडावर स्थानिक माणसालाच वाट दाखवायला घ्यावे, त्याचे नाव विचारावे आणि घरी परतल्यावरही ते लक्षात ठेवावे. चिखलदऱ्याला मुक्काम असेल तर मरियमपूरच्या मिस्साबलीला जावे आणि तिथल्या भाविकांच्या शेजारी गुडघे टेकावे. गवळ्याकडून खवा घ्यावा, घासाघीस न करता. कोरकू स्त्री-पुरुषांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीवाचून काढू नयेत. प्लास्टिकची एकही पिशवी मागे ठेवू नये, नाहीतर गाडगेबाबांच्या तालुक्यातून गेलो असे तरी म्हणू नये.

आणि मुलांनी वाटेत विचारले, की रस्त्याच्या कडेने मोळी घेऊन चाललेले ते कोण आहेत, तर ‘आदिवासी’ एवढेच उत्तर देऊन गाडी पुढे नेऊ नये. त्यांचे स्वतःचे नाव सांगावे, आणि त्या नावाचा अर्थही सांगावा.